विमानाचं कपाळ

अहो, तुमच्या विमानांचे भाव परत वाढलेत.

सकाळी चहा ठेवला आणि फडताळावर तुमचा मोबाइल वाजला. बंद करीन बंद करीन म्हणते आणि रोज चार्जिंगला लावते. तुमच्या त्या विमानवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी निळ्या शेपटीच्या विमानाचा फोटो टाकला होता, खाली त्याचा भाव, आणि भावाखाली डोळे वटारलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून स्वयंपाकघरात आला असता आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मला तो फोटो दाखवत उभे राहिला असता. मी म्हणाले असते, "मग विकून टाका एकदाची." आणि तुम्ही म्हणाला असता, "दसऱ्यानंतर बोलू."

हे उत्तर मी किती वर्षं ऐकलं त्याची मोजदाद नाही. दसऱ्यानंतर दिवाळी यायची, दिवाळीनंतर लग्नसराई, आणि आपलं बोलणं पुढच्या दसऱ्यावर जायचं. यंदा आषाढातही तुम्ही तेच म्हणालात आणि श्रावणात निघून गेलात. काल दसरा झाला. मी शब्दाची पक्की आहे, म्हणून बोलायला बसले आहे. तुम्हाला मधेच तोडता येणार नाही हा माझा फायदा, पण तो मला मुळीच नको होता.

भेटायला येणारे सगळे तुमच्या नोकरीचं बोलतात. अख्ख्या अंबाजोगाईची हाडं तुम्ही एक्स-रेच्या काचेवर पाहिलीत, तुम्ही "श्वास रोखा" म्हणालात की दुखणं विसरून माणूस रोखायचा, असं बरंच काही. बोलू दे त्यांना. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, गेलेल्या माणसावरचे निबंध मला नवे नाहीत. त्यात सगळी माणसं एकसारखी होतात. मला ज्याच्याशी बोलायचं आहे तो माणूस संध्याकाळी बनियनवर ओसरीत बसायचा आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं वीतभर विमानाच्या पंखावरची धूळ झटकायचा. पंख झाला की शेपूट, शेपूट झाली की चाकं. मी दोनदा जेवायला हाक मारायचे. तिसऱ्या हाकेला "उतरतंय, उतरतंय" असं उत्तर यायचं.

खेळणं म्हटलं की तुम्हाला राग यायचा. डायकास्ट म्हणायचं. धातू वितळवून साच्यात ओतलेलं, खऱ्या विमानाचं माप धरून लहान केलेलं, दारं-खिडक्या आणि पंखावरची अक्षरंसुद्धा तंतोतंत. जत्रेत मिळतं ते प्लास्टिकचं विमान हलकं लागतं, हे हातात घेतलं की वजन कळतं. ओसरीत येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही आधी ते वजनच करायला लावायचात. दूधवाल्यालाही लावलं होतं. तो बिचारा एका हातात किटली आणि एका हातात विमान धरून उभा होता, आणि तुम्ही त्याला विचारत होता, "लई जड हाय ना?"

पहिलं विमान मला अजून खुपतं, ते सांगून टाकते. आपलं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी लाखेच्या बांगड्या आणायला आपण हैदराबादला गेलो होतो. मी बांगड्यांच्या दुकानात बसले आणि तुम्ही "आलोच" म्हणून बाहेर गेलात. आलात ते काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. फुटपाथवरच्या जुन्या सामानात तुम्हाला ते सापडलं होतं. पांढरं, चार इंजिनांचं, रंग उडालेलं, एक चाक नसलेलं. बांगड्या ठरल्या होत्या त्यापेक्षा कमीच घ्याव्या लागल्या. बस बिदरच्या पुढे गेली तरी मी तुमच्याशी बोलले नाही. उदगीरला तुम्ही खाली उतरून गरम भजी आणलीत आणि विचारलंत, "कावून रुसली?" मी भजी घेतली, उत्तर दिलं नाही.

मग तुम्ही आपणहून सांगितलंत. लहानपणी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायचात, फडात पाचटावर उताणं पडून वर बघायचात, आणि वरून विमान जायचं. "खाली समदे मुकादमाच्या हाकंवर थांबत्यात. ते एकलंच थांबत न्हाई," असं तुम्ही म्हणालात. "त्याला एकदा हातात धरायचं व्हतं, बस." एवढं बोलून तुम्ही ते तीन चाकांचं विमान मांडीवर नीट बसवलंत, खड्ड्यात आदळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलंत. मी खिडकीतून बाहेर बघत होते, पण रुसवा तिथंच गेला होता. तुम्हाला मात्र तो अंबाजोगाईपर्यंत पुरवला.

आणि मग ती खंडेनवमी. तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, तलवाड्याहून आपल्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या बोचक्यात दोन लुगडी आणि एक कोयता होता. तुमचे वडील लवकर गेले. ऊस तोडायला जोडी लागते, म्हणून आत्यांनी भावाबरोबर कोयता धरला आणि त्या तोडणीवर तुम्हाला इथल्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. तुम्हाला नोकरी लागली आणि कोयता सुटला, पण टाकला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारं पुजायची त्या खंडेनवमीला, आत्या तो राखेनं घासायच्या, पाटावर ठेवायच्या आणि वाटीत तेलात कुंकू कालवायच्या. तेलातलं कुंकू वाळून झडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या काशीकाकू त्या सकाळी झेंडूची फुलं द्यायला आल्या होत्या. त्यांनी आत्यांना चारचौघींत सांगावं तसं सांगितलं की विधवेनं कुंकवाला हात लावू नये, सुनेला लावायला सांगावं. आत्यांनी मान वरही केली नाही. "कोयत्याला काय कळतंय बाई, माजा नवरा हाय का न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यानं माजं पोरगं शिकिवलं. त्याला मीच लावणार." आणि पात्यावर बोट टेकवलं. मी तर नवी सून, दाराआड उभी राहून हे ऐकत होते आणि या बाईशी आपलं कसं व्हायचं या काळजीत पडले होते. पुढं फार चांगलं झालं, तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच वेळी तुम्ही हळूच आतून ते हैदराबादचं विमान आणलंत आणि कोयत्याशेजारी ठेवलंत. हे कसलं हत्यार, असं आत्यांनी विचारलं. हत्यार नाही, पण माझंच आहे, असं तुम्ही म्हणालात. आत्यांनी ते या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"कपाळ कुठंय रं ह्याचं?"

तुम्ही अगदी गंभीरपणे पुढं वाकलात. एक्स-रे समजावून सांगावा तसं बोट ठेवून सांगितलंत, "ह्या म्होरच्या काचा हायत ना, ते डोळे. त्याच्यावर कपाळ."

आत्यांनी डोळ्यांच्या वर, बरोबर मधोमध, बोट टेकवलं. आपल्या घरात विमानाला कपाळ असतं ते तेव्हापासून.

पुढं विमानं येत गेली. कुणी परदेशातून येताना आणलं, कुणी मुंबईच्या जुन्या बाजारातून धाडलं, काही तुम्ही पोस्टानं मागवलीत. दर खंडेनवमीला सगळी कपाटातून निघायची, पाटावर ओळीनं बसायची आणि कपाळाला लाल बोट घेऊन परत जायची. आत्या गेल्यावर त्यांच्याच वाटीत तुम्ही कुंकू कालवू लागलात. तेल रंगात मुरतं. वर्षावर वर्ष चढलं तसं त्या कपाळांवरचं लाल पुसून जाण्यापलीकडे गेलं.

हे कुणाला माहीतही नव्हतं, तोवर काही बिघडलं नाही. मग आपल्या विशालनं तुम्हाला मोबाइल घेऊन दिला आणि तुम्हाला शोध लागला की जगात तुमच्यासारखी आणखी वेडी माणसं आहेत. वेडी म्हणजे व्यवहाराला पक्की हं, तुमच्यासारखी नाहीत. त्यांच्यात विमानाचा भाव चालतो. साचा मोडला की भाव वाढतो. खरी विमान कंपनी बंद पडली की तिच्या छोट्या विमानाचा भाव वाढतो, कारण आता तसं नवं निघणार नाही. कोरोनात घरी बसलेल्या लोकांना हा नाद लागला आणि भाव असा चढला की तुम्ही विकत घेणंच सोडलंत. तुम्हाला परवडेना. तरीही तुमच्यासारखा खूश माणूस मी पाहिला नाही. आपल्या कपाटातलं अमुक विमान आता एवढ्याला जातं, हे तुम्ही मला पोराचा पहिला नंबर आल्यासारखं येऊन सांगायचात.

मी हिशेबी बाई. माझ्या स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. उन्हाळ्यात चुलीवर भाजी आणि पत्र्याखाली मी, दोघी एकदमच शिजतो. चार विमानं विकली तर वर स्लॅब पडेल, हे माझं म्हणणं काही चुकीचं नव्हतं आणि आजही नाही. तुम्ही ते कधी खोडून काढलं नाहीत. "तुझं बरोबर हाय," म्हणायचात, आणि वर दसऱ्याचा वायदा. निदान कुंकू लावणं तरी थांबवा, असं मी एकदा चिडून म्हणाले, कारण तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं की डाग पडला की भाव निम्मा होतो. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी स्वतःच्या लेकराला न्हाऊ घालू नका म्हणाले.

खोक्यांचीही तीच गत. मूळ खोकं शाबूत असेल तर भाव चांगला येतो म्हणे. आपल्या खोक्यांतला मऊ स्पंज महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना इतका नेमका बसला की पहिलं खोकं आलं त्याच वर्षी तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. त्या दिवसापासून महालक्ष्म्या आपल्याकडे विमानाच्या खोक्यातूनच येतात. त्यांचे हातसुद्धा पंखांच्या खाचेत बसतात.

पण अहो, एक गोष्ट मी तुम्हाला कधी तोंडावर सांगितली नाही, ती आता सांगते. भाव वाढला तसं ग्रुपातल्या लोकांनी कपाटांना कुलपं लावली, हातमोजे घेतले, पोरांना लांब ठेवलं. तुम्ही त्याच सुमारास आपल्या कपाटाचं कुलूप काढून टाकलंत. किल्ली हरवेल म्हणून काढलं, असं मला सांगितलंत. गल्लीतल्या पोरांनी येऊन काच सरकवायची, हवं ते विमान उचलायचं आणि ओसरीत फरशीच्या धावपट्टीवर उतरवायचं. एका पोरीच्या हातून एकाचं चाक तुटलं आणि ती रडायला लागली. मला त्या विमानाचा भाव माहीत होता. तुम्ही चाक उचललंत, तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "बस, दुरुस्तीला घेऊ. इंजिनियर तूच." दोघं मिळून डिंक लावत बसलात. चाक वाकडंच बसलं, आणि ती पोरगी रोज येऊन ते बघून जायची. इतकी महाग वस्तू इतक्या मोकळ्या हातानं ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला होता. मी फक्त म्हणाले, "डिंक फरशीवर सांडलाय."

आणि ती विमानंही मला आवडायची. घ्या, तेही बोलून टाकलं. तुम्ही दवाखान्यात ड्युटीवर असताना मी काच सरकवून बघायचे.

आता निळ्या शेपटीचं. विशालला पुण्यात नोकरी लागली आणि त्यानं आपल्या दोघांना पुण्याहून दिल्लीला विमानानं नेलं. मला वाटलं, तुम्ही आता वैमानिकाच्या मांडीवर जाऊन बसता की काय. जन्मभर विमानं कुरवाळणारा माणूस, आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर तुम्ही डोळे गच्च मिटलेत. माझा हात असा धरलात की बांगडी रुतली. मी तुम्हाला सांगत होते, अहो, ढग बघा, खाली नदी बघा, आणि तुम्ही दातांवर दात ठेवून मला विचारत होता, "उतरलं का?" सगळं आकाश एकट्या मीच पाहिलं. परतीला रेल्वेची तिकिटं तुम्ही स्वतः काढलीत. ग्रुपातल्या एकानं विचारलं तर त्याला म्हणालात की विमान ही खालून बघायची वस्तू आहे.

ती कंपनी पुढं बंद पडली. तिचं छोटं विमान महाग व्हायच्या जरा आधी तुम्ही मागवलंत, ती तुमची शेवटची खरेदी. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या अंगावरची एक बारीक खिडकी तुम्ही सुईच्या टोकानं दाखवायचात. "ही मंगलची." आणि तुमची कुठली, असं कुणी विचारलं तर, "मी मधी बसलतो. मला खिडकी न्हाई." माझं नाव तुम्ही चारचौघांत एरवी घ्यायचा नाहीत. त्या खिडकीपुरतं घ्यायचात.

ग्रुपात सगळ्यांत चढा भाव आज त्याच विमानाला आहे. आषाढात आपली शेवटची हुज्जत झाली तीही त्याच्यावरूनच. तुम्ही म्हणालात, दसऱ्यानंतर बोलू. मी म्हणाले, कुठल्या? त्यावर तुम्ही हसलात आणि ब्रश घेऊन ओसरीत गेलात. नंतर ज्या दवाखान्यात तुम्ही लोकांना श्वास रोखायला सांगितलं तिथंच तुम्हाला नेलं, आणि तिथं मी तुमच्या उशाशी होते, पण विमानांचं काय करायचं हे ना मी विचारलं ना तुम्ही सांगितलं. दुसरंच बोलत राहिलो. पाण्याचं, उशीचं, विशालच्या रजेचं.

तुम्हाला स्मशानात नेलं त्या दिवशी बायकांनी माझ्या कपाळावरचं पुसलं. मी काही बोलले नाही. काशीकाकू आता म्हाताऱ्या झाल्यात, त्या माझा हात धरून बसल्या होत्या, पुसायला पुढं झाल्या नाहीत, एवढं लक्षात आहे.

भाद्रपद सरता सरता विशाल तुमच्या ग्रुपातल्या नगरकरांना घेऊन आला. पुण्याहून आले होते. तुम्ही त्यांच्याशी फोनवर तासन् तास बोलायचात ते हेच. माणूस सज्जन आहे. विशालचंही खोटं नव्हतं. आज भाव आहे, उद्या असेलच असं नाही, आणि आईच्या डोक्यावरचे पत्रे जातील, हा त्याचा विचार. मी म्हणाले, बघा.

त्यांनी पांढरे हातमोजे घातले. एकेक विमान उचलून खिडकीकडे धरून पाहिलं, अगदी तुम्ही एक्स-रे धरायचात तसं. मग कपाळावर त्यांचा अंगठा थांबला. एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, तिसऱ्यावर त्यांनी विशालकडे पाहिलं. विशालनं त्यांना खंडेनवमीचं सांगितलं. नगरकर हसले, वाईट हसले नाहीत, पण हळहळले. मूळ खोकी मागितली तेव्हा मी महालक्ष्म्यांसकट आणून पुढं ठेवली. त्यांनी मुखवट्यांना हात जोडले आणि झाकण लावून टाकलं.

मग ते म्हणाले की निळ्या शेपटीचं विमान त्यातल्या त्यात नवं आहे, डाग वरवरचा असेल. त्यांच्या पेटीत एक द्रव होता. कापसाच्या काडीला लावून त्यांनी ती हलक्या हातानं फिरवली. लाल सगळं काडीवर आलं. विमानाचं कपाळ कोरं झालं, कारखान्यातून आल्यासारखं. नगरकर समाधानानं म्हणाले की आता याला पूर्ण भाव मिळेल, आणि त्यांचा हात हैदराबादच्या पांढऱ्या विमानाकडे गेला.

"राहू द्या," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. ते मला समजावू लागले की रंगाला धक्का लागणार नाही. मी पुन्हा म्हणाले, "ते माझ्या सासूबाईंचं बोट आहे. राहू द्या." आवाज बहुधा शाळेतला निघाला, कारण विशाल उठून उभा राहिला. नगरकरांनी विमान जागेवर ठेवलं, मोजे काढले आणि माझी माफी मागितली. घाई नाही, असं म्हणाले. निळं विमान मात्र तसंच कोरं ठेवा, दसऱ्यानंतर मी फोन करतो, असंही म्हणाले.

दसऱ्यानंतर. तुम्ही ऐकत असाल तर तुम्हाला हसू आलं असेल.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या विमानासमोर बसले. माझ्या कपाळावरचं पुसलं तेव्हा मी गप्प राहिले आणि याच्यावरचं पुसलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला, हे काही मला उलगडेना. गेल्या खंडेनवमीचं तुमच्या बोटाचं ते कुंकू. ते आता एका काडीवर होतं आणि काडी केरात गेली होती. त्या रात्री मी तुमच्यावर फार रागावले. एवढं सगळं बोलायचात, ग्रुपात, ओसरीत, दूधवाल्याशी. मला दोन शब्द सांगायला काय झालं होतं, मंगल, हे ठेव, किंवा हे देऊन टाक? सगळा निवाडा माझ्यावर टाकून गेलात.

परवा खंडेनवमी होती. यंदा आपल्या घरात सण नाहीत, सगळ्यांनी बजावलं होतं. महालक्ष्म्याही बसल्या नाहीत. सकाळी मी पिठाच्या डब्यामागून कोयता काढला आणि राखेनं घासायला बसले. विशाल रजेवर आला होता, तो दारात येऊन म्हणाला, "आई, यंदा नसतंय ना?" मी म्हणाले, सण करत नाही, तुझ्या आजीचा कोयता पुसते आहे. मग पाट मांडला. मग कपाट उघडलं. विशालनं काही न विचारता एकेक विमान आणून द्यायला सुरुवात केली. ओळ कशी लावायची हे त्याला पाठ होतं, आधी हैदराबादचं, शेवटी निळं. वाकड्या चाकाचं एका बाजूला कललं, त्याखाली त्यानं सुपारी सरकवली. तुम्हीही तेच करायचात.

मी आत्यांच्या वाटीत तेल घेतलं आणि कुंकू कालवलं. तेवढ्यात काशीकाकू काठी टेकत आल्या, पदरात झेंडूची फुलं. त्यांनी पाट पाहिला, वाटी पाहिली, माझ्या बोटाकडे पाहिलं. मी वाट बघत होते की आता त्या काय म्हणतात. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि फुलं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "तुजी सासू बी अशीच व्हती. लाव."

कोयत्याला लावलं. मग एकेका विमानाला, आत्यांच्या आणि तुमच्या बोटावर माझं बोट. तेव्हा मला कळलं की तुमचं मला काही सांगायचं राहिलं नव्हतं. दर वर्षी माझ्या डोळ्यांसमोर तेच तर सांगत होता.

निळ्याशी आले आणि हात थांबला. कपाळ कोरं, भाव पूर्ण. विशाल हळूच म्हणाला, "आई, नगरकरांचा फोन येईल." मी म्हणाले, येऊ दे, त्यांना चहाला बोलाव, बघायला या म्हणावं. विशालनं मान हलवली आणि विमान दोन्ही हातांनी धरलं, हलू नये म्हणून. काचा म्हणजे डोळे, त्याच्यावर कपाळ. मी मधोमध बोट टेकवलं. पत्रे आणखी काही उन्हाळे राहतील. मला सवय आहे.

बोटाला थोडं उरलं होतं. ते मी माझ्या कपाळाला लावलं. काशीकाकूंनी पाहिलं, विशालनं पाहिलं. कपाटाच्या काचेत मला मी दिसले, मागं तुमची सगळी विमानं.

अहो, डाग पडला की भाव निम्मा होतो म्हणे. होऊ द्या.